झडप लावा

ऑफिसात त्याला सगळे ‘अनुस्वार’ म्हणत, अर्थात पाठीमागे. हे नाव पडायला दोन कारणं होती. एक, दुसऱ्याच्या लिखाणात राहिलेला अनुस्वार त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा. दुसरं, अनुस्वार जसा कायम दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर बसलेला असतो, तसाच हाही. पहिलं कारण त्याला ठाऊक होतं आणि त्याचा त्याला अभिमानही होता. दुसरं त्याला सांगायला कुणी गेलं नाही.

तो यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचा. मिक्सर, गीझर, कपडे वाळवायचं यंत्र, असली घरगुती यंत्रं बनवणारा कारखाना होता. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर, खालच्या रंगखात्याचा वास कायम भरलेला असे अशा एका लांबट खोलीत, तीन टेबलं टाकून पुस्तिका लिहिणारे बसत. ‘बटण दाबा’, ‘झाकण उघडा’, ‘ओल्या हातांनी स्पर्श करू नये’ हे लिहायला फार मोठी प्रतिभा लागते असं त्या इमारतीत एकट्या त्यालाच वाटायचं. सव्वीस वर्षं तो हेच लिहीत आला होता. लोक यंत्र बाहेर काढतात आणि पुस्तिका खोक्यातच ठेवून खोकं माळ्यावर फेकतात, असं एकदा गोदामवाल्यानं त्याला सांगितलं, तर आठवडाभर तो त्या बिचाऱ्याशी धड बोलला नाही.

खिशाला लाल पेन असायचं. लग्नपत्रिका हातात पडली की वधूवर कोण हे बघायच्या आधी तो वेलांट्या बघायचा. एका जवळच्या नातेवाइकाच्या घरी भेटायला गेलेला असताना, वडील गेल्याचं छापील पत्रक मुलानं त्याच्या हातात दिलं. त्यातल्या ‘दुखद’ शब्दाला विसर्ग नव्हता. यानं तिथल्या तिथे पेन काढून विसर्ग दिला आणि पत्रक परत केलं. मुलगा बघतच राहिला.  सामानाची यादी त्याला लिहून द्यायचं बायकोनं लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सोडलं होतं. ती तोंडी सांगायची, तो निम्मं विसरायचा, आणि तरी तिला ते परवडायचं.

आता त्या ऑफिसातली पद्धत सांगायला हवी, कारण सगळं घडलं ते तिच्यामुळे. एकानं लिहिलेली पुस्तिका दुसऱ्यानं वाचायची, चुका दाखवायच्या आणि तपासणी-पत्रकावर सही करायची. त्या सहीशिवाय छापखाना कागदाला हात लावत नसे. पद्धत चांगली होती. ज्यानं काढली असेल त्याला वाटलं असेल की माणसं एकमेकांना सांभाळून घेतील, आपल्याला न दिसलेलं दुसऱ्याला दिसेल. बिचाऱ्याला माणसं माहीत नसावीत. पत्रकात ‘चुकांची संख्या’ नावाचा एक रकाना होता आणि मॅनेजरला आलेख काढायची भारी हौस. त्यानं भिंतीवर एक फळा लावला. वर्षभरात कुणी किती चुका पकडल्या ते त्यावर उंच-बुटक्या खांबांनी दाखवलेलं असे. नऊ वर्षं सगळ्यात उंच खांब अनुस्वाराचा होता. खांब पुढे फळ्यात मावेना म्हणून मॅनेजरनं वर एक कागद चिकटवला. अनुस्वारानं घरी येऊन त्या कागदाबद्दल दोनदा सांगितलं.

त्याच्या स्वतःच्या पुस्तिकेत मात्र चूक म्हणून सापडत नसे. सापडेल कशी? शोधायची कुणाची छाती होती? पूर्वी तिसऱ्या टेबलावर बसणाऱ्या एकानं कधीतरी त्याच्या पुस्तिकेत दोन चुका दाखवल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात त्याची पुस्तिका अनुस्वाराकडून परत आली तेव्हा ती गोवर आल्यासारखी दिसत होती. त्या माणसानं नंतर बदली मागून घेतली. राहिला दुसरा, त्याला सगळे ‘छान-छान’ म्हणत. तो प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ‘छान’ असं लिहायचा आणि शेवटी सही ठोकायचा. वाचायचा नाही, पानं उलटताना वारा तेवढा घ्यायचा. त्याचं तत्त्व सोपं होतं. मी तुझ्या वाटेला जात नाही, तू माझ्या वाटेला जाऊ नकोस. अनुस्वार त्याच्या वाटेला जायचाच, पण छान-छानची कातडी जाड होती. दाखवलेल्या चुका तो पुढच्या पुस्तिकेत जशाच्या तशा पुन्हा करायचा.

बदली होऊन गेलेल्याच्या जागी तक्रार विभागातून एक बाई आल्या. अकरा वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांचे फोन घेतले होते. तो विभाग दुसऱ्या शहरात हलला म्हणून त्यांना इथे आणून बसवलं. अनुस्वारानं पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ‘फोनबाई’ ठेवलं. टेलिफोनवर ‘हॅलो’ म्हणणाऱ्या माणसाला लेखन विभागात बसवतात, उद्या रखवालदारालाही बसवतील, असं तो छान-छानला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला. फोनबाईंनाही ते ऐकू गेलं. त्यांनी ड्रॉवर उघडून आपला चष्मा त्यात ठेवला, परत काढला आणि कामाला लागल्या.

त्यांची पहिली पुस्तिका कपडे वाळवायच्या यंत्राची. अनुस्वारानं ती तपासली आणि त्रेसष्ट चुका काढल्या. एवढ्यावर भागलं असतं, पण सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यानं त्या एकेक करून वाचून दाखवल्या. ‘पाणि’, ‘वाळवु’, ‘चालु’, ‘कापुस’. प्रत्येक शब्द म्हणताना तो किंचित थांबायचा, आणि छान-छान इमानदारीनं हसायचा. मॅनेजर फळ्यावरचा कागद उंचावत होता. फोनबाई मान खाली घालून एकेक चूक दुरुस्त करत होत्या. त्यांना राग आला नसेल असं नाही. त्यांचे कान लाल झाले होते. पण एक गोष्ट त्या खोलीतल्या एकाच्याही ध्यानात आली नाही. त्रेसष्टच्या त्रेसष्ट चुका ऱ्हस्वदीर्घाच्या होत्या. ‘जाळीत कापुस साचला की लगेच काढा, नाहीतर आग लागेल’ हे वाचून जाळी साफ करणार नाही असा माणूस शोधून सापडला नसता.

मग पाळी उलटी आली. अनुस्वारानं गॅसच्या नव्या गीझरची पुस्तिका लिहिली होती आणि ती तपासायला फोनबाईंकडे गेली. त्यानं ती त्यांच्या टेबलावर ठेवली ती मोठेपणानं, शिकायला मिळेल असं म्हणून. फोनबाईंनी तीन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी गोदामात जाऊन गीझरचं एक खोकं उघडून घेतलं आणि पुस्तिका हातात धरून सामान मांडत बसल्या. अनुस्वाराला हे कळलं तेव्हा तो मनसोक्त हसला.

पुस्तिका परत आली. चोवीस पानांत एकच खूण होती, तीही पेन्सिलीची. सातव्या सूचनेत, ‘यंत्र सुरू करण्यापूर्वी हवेची झडप लावा’ या वाक्यापुढे फोनबाईंनी लिहिलं होतं: लावा म्हणजे बसवा कि बंद करा?

‘कि’ ऱ्हस्व होता. अनुस्वाराची नजर आधी तिथेच गेली.

झडप म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची एक चौकट होती. बाथरूमच्या भिंतीत भोक पाडून ती बसवायची, म्हणजे बाहेरची हवा आत येत राहते. गॅसचा गीझर खोलीतली हवा खातो. बाहेरून हवा आली नाही तर आतला माणूस गुदमरतो, आणि गुदमरतोय हे त्याला कळतही नाही. चौकटीला एक छोटी दांडी होती. ती खाली ओढली की पट्ट्या मिटत, म्हणजे यंत्र वापरात नसताना धूळ, किडे आत येऊ नयेत. अनुस्वाराला म्हणायचं होतं, चौकट भिंतीत बसवा. ‘लावा’ हा शब्द त्याला ‘बसवा’पेक्षा सुटसुटीत वाटला होता.

फोनबाईंना त्यानं समजावून सांगितलं, म्हणजे झापलं. संदर्भ नावाची काही चीज असते, म्हणाला. वाक्य एकटं वाचायचं नसतं, मागचं-पुढचं धरून वाचायचं असतं, ही जाण असली तर कळतं. फोनबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“फोनवर संदर्भ नसतो सर,” त्या म्हणाल्या. “फोन करणारा माणूस अंगाला साबण लावून उभा असतो. त्याला एवढंच विचारायचं असतं, की आता मी काय करू.”

अनुस्वारानं विचारलं, सही करताय की नाही. फोनबाई म्हणाल्या, तो शब्द बदला, लगेच करते. एका शब्दावर, आणि तोही ‘कि’ ऱ्हस्व लिहिणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून! त्यानं पुस्तिका उचलली आणि छान-छानच्या टेबलावर टाकली. छान-छाननं चोवीस पानं चार मिनिटांत उलटली, चोवीस वेळा ‘छान’ लिहिलं आणि सही केली. पेन्सिलीची खूण अनुस्वारानं रबरानं पुसली. पुस्तिका छापखान्यात गेली. पहिल्या खेपेची यंत्रं पुढच्या गुरुवारी खोक्यांत भरायची होती.

नवं यंत्र बाजारात जायच्या आधी ते पुस्तिका लिहिणाऱ्याच्या घरी वापरून बघायला देत. शनिवारी कारखान्याचा माणूस आला आणि अनुस्वाराच्या बाथरूममध्ये गीझर बसवून गेला. भिंतीत भोक पाडून झडपही त्यानंच बसवली, पट्ट्या उघड्या ठेवल्या. अनुस्वारानं छापखान्यातून आलेली नवी कोरी पुस्तिका आईच्या हातात दिली. आई ब्याऐंशी वर्षांची. तिनं एकतीस वर्षं छापखान्यात उभं राहून शिशाचे खिळे जुळवले होते. एकेक अक्षर उलटं उचलून ओळीत बसवायचं, असं ते काम. हा ऱ्हस्वदीर्घ शिकला तो तिच्याच मांडीवर. छापलेल्या मजकुरावर तिचा विश्वास होता तेवढा सख्ख्या माणसांवर नव्हता. औषधाच्या बाटलीवरचा कागद ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. आणि ही तर मुलानं लिहिलेली पुस्तिका. संध्याकाळभर ती भिंग घेऊन वाचत बसली होती. अनुस्वार येता-जाता तिच्याकडे बघत होता. चूक सापडते का असं त्यानं दोनदा विचारलं. आई म्हणाली, एकही नाही. त्याचा चेहरा उजळला.

रविवारी सकाळी आई आंघोळीला गेली. पडली-बिडली तर म्हणून सुनेनं तिला कडी लावायची नाही असं बजावून ठेवलं होतं, तेवढं मात्र ती ऐकायची. सून ओट्याशी होती. बादली उपडी झाल्याचा आवाज आला आणि नंतर कसलाच आवाज आला नाही. सुनेनं हाक मारली. ओ आली नाही. तिनं दार ढकललं. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, डोळे अर्धवट मिटलेले, नळ चालू, खोलीत वाफ. सुनेनं आधी गीझर बंद केला, मग त्यांना काखेत धरून ओढत बाहेर आणलं आणि नवऱ्याला हाका मारल्या. तो वर्तमानपत्रातल्या चुका काढत बसला होता.

शेजारचे डॉक्टर आले. खिडक्या उघडल्या, ऑक्सिजन मागवला. डॉक्टर म्हणाले, आणखी पाचेक मिनिटं झाली असती तर मला बोलावण्यात अर्थ नव्हता. अनुस्वार बाथरूममध्ये जाऊन बघून आला. झडपेची दांडी खाली ओढलेली होती. पट्ट्या घट्ट मिटलेल्या.

दुपारपर्यंत आईला बरं वाटायला लागलं. अनुस्वाराचंही डोकं तोवर ताळ्यावर आलं, म्हणजे त्याच्या नेहमीच्या जागेवर आलं. तो बायकोला सांगत होता की वय झालं, की माणूस काहीच्या काही अर्थ काढतो, की दांडी ओढायची काही गरज होती का.  बायकोनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ती सासूबाईंच्या खोलीत गेली. तोही मागोमाग गेला. आईनं सगळं ऐकलं होतं, भिंत पातळ होती.

“दार लाव,” आई म्हणाली.

त्यानं दार बंद केलं.

“पंखा लाव.”

त्यानं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला.

“आता झडप लाव.”

अनुस्वार खोलीच्या मधोमध उभा राहिला. त्याचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच राहिला. दार लावलं ते बंद केलं. पंखा लावला तो सुरू केला. झडप? वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेल्या त्या माणसाला त्या क्षणी एका साध्या क्रियापदाचा अर्थ सांगता येईना.

“यंत्र सुरू करायच्या आधी झडप लावा,” आई म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. “तू लिहिलंयस. छापून आलंय. मी लावली.”

एवढं बोलून तिनं कूस बदलली. त्याला लाज वाटली. खरी लाज. अशी लाज त्याला त्याआधी कधी वाटली असेल असं मला वाटत नाही, आणि वाटायची पाळी आईच्या जिवावर बेतल्यावर यावी हे त्याच्या स्वभावाला धरूनच झालं.

लाज खरी असली तरी माणूस तोच होता. सोमवारी तो मॅनेजरकडे गेला आणि छपाई थांबवा म्हणाला. इतपत त्यानं केलं, त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. पण कारण काय सांगितलं? ‘भाषा अधिक सुबोध करण्याच्या दृष्टीनं एक किरकोळ सुधारणा.’ मॅनेजर म्हणाला, किरकोळ असेल तर राहू दे की, पुढच्या आवृत्तीत करू. गुरुवारी खोकी भरायचीत. अनुस्वार खुर्चीत बसून राहिला. फळा समोरच होता आणि त्याचा खांब वर चिकटवलेल्या कागदावर चढलेला होता. ‘किरकोळ’ म्हणून सुटता येत होतं. बरीच मिनिटं त्यानं नुसती पेनाची टोपी काढली आणि घातली. मग त्यानं सांगितलं. आई काल मरता मरता वाचली, माझ्या एका शब्दामुळे. तो शब्द दाखवला होता मला, मी ऐकलं नाही, दुसऱ्याकडून सही आणली.

मॅनेजरनं फोन उचलून छापखान्याला थांबायला सांगितलं. मग त्याला काय सुचावं? त्यानं विचारलं, ही चूक मग फळ्यावर कुणाच्या नावावर धरायची. अनुस्वार उठून बाहेर आला.

छान-छानला झालं ते कळलं तेव्हा तो म्हणाला, मला आधीच शंका आली होती. असली माणसं कुठल्याच अपघातात सापडत नाहीत.

अनुस्वार फोनबाईंच्या टेबलापाशी गेला. माफी मागायचे तीन-चार मसुदे त्यानं मनात केले होते आणि प्रत्येकात काही ना काही दुरुस्ती निघत होती. शेवटी त्यानं नुसती पुस्तिका पुढे ठेवली, सातवी सूचना उघडून, आणि आई झडप ओढून बसली होती असं सांगितलं. फोनबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. आई कशा आहेत, असं विचारलं. घरी त्यानं स्वतः आधी अर्थाचा वाद घातला होता, इथे पहिला प्रश्न आईबद्दल आला, हे त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

“तुम्हीच लिहा,” तो म्हणाला.

त्यांनी पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं: ‘झडप भिंतीत बसवा. गिझर चालु असताना झडप उघडीच ठेवा. बंद करु नका. बंद केली तर जीव जाईल.’ खाली सही केली आणि पुस्तिका त्याच्याकडे सरकवली. ‘चुकांची संख्या’ या रकान्यात त्यांनी काहीच लिहिलं नाही. फोनबाई त्याच्या हाताकडे बघत होत्या. तो हात खिशाकडे जातोय हे त्यांना दिसलं आणि त्या पुढच्या कामाकडे वळल्या.

आईनं तोवर गीझरला हात लावला नव्हता. ती गार पाण्यानं आंघोळ करत होती, खोकत होती, आणि कुणी काही म्हटलं की सुधारलेली पुस्तिका येऊ दे म्हणायची. सुनेनं झडपेची दांडी तारेनं वर बांधून टाकली, तरी ती बधली नाही. तोंडी सांगितलेलं तिला चालत नव्हतं. पुढच्या आठवड्यात नवी पुस्तिका आली. अनुस्वारानं ती तिच्या हातात दिली आणि या वेळी चूक सापडते का असं विचारलं नाही. तो पलंगाच्या कडेला बसून राहिला. आईनं भिंग घेऊन सातवी सूचना वाचली. मग पुन्हा वाचली. मग उठून बाथरूमच्या दारात गेली, झडपेकडे बघून आली आणि सुनेला टॉवेल मागितला.

जाता जाता ती थांबली.

“हे तुझं नाही,” ती म्हणाली. “कुणी लिहिलंय?”

“ऑफिसात एक बाई आहेत.”

“शुद्धलेखन येतं का तिला?”

“नाही.”

“मग तू काय करतोस तिथे?”

 अनुस्वाराच्या खिशात लाल पेन होतं.

“त्यांचे उकार दीर्घ करतो,” तो म्हणाला.

“बरं,” आई म्हणाली, “तेवढं तरी नीट कर.” आणि ती आंघोळीला गेली.